गर्भाशयमुखाचा कर्करोग: परळ ते परांडा, एका मोजणीचा इतिहास

गर्भाशयाचे तोंड योनीमार्गात जिथे उघडते, तिथल्या पेशींत हा कर्करोग सुरू होतो. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही, या विषाणूचा तिथे वर्षानुवर्षे टिकून राहिलेला संसर्ग हे त्याचे मूळ. संसर्ग झाल्यापासून कर्करोग उभा राहीपर्यंत साधारण दहा ते वीस वर्षे जातात. शरीराने इतका अवधी देणारे कर्करोग थोडेच आहेत. या काळात एकदा जरी नीट तपासणी झाली, तरी बिघडू लागलेल्या पेशी काही मिनिटांच्या उपचारात काढून टाकता येतात आणि कर्करोग होतच नाही. असे असूनही २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात सुमारे १,२७,००० स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ८०,००० स्त्रिया त्याने दगावल्या. जगभर या रोगाने झालेल्या साडेतीन लाखांच्या आसपास मृत्यूंपैकी पाचांत एकाहून अधिक मृत्यू एकट्या भारतातले होते.

हा रोग कोणाला अधिक होतो, याचा पहिला लक्षात राहण्याजोगा हिशेब इटलीत झाला. व्हेरोना शहरातील १७६० ते १८३९ या काळातल्या मृत्युनोंदी तपासून रिगोनी-स्टर्न या वैद्याने १८४२ साली दाखवले, की गर्भाशयाचा कर्करोग ख्रिस्ती मठांतल्या नन्समध्ये जवळजवळ आढळत नाही, विवाहित स्त्रियांमध्ये मात्र वारंवार आढळतो. कारण कळायला पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे जावी लागली. पण आजाराचा माग काढायचा तर आधी माणसे मोजावी लागतात, हे या नोंदींनी दाखवून दिले.

भारतात ही मोजणी मुंबईत सुरू झाली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. गोव्याकडच्या मराठी घराण्यातल्या या विकृतिशास्त्रज्ञाने रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांची जात, धर्म, प्रांत, सवयी यांची बारकाईने नोंद ठेवण्याचा आग्रह धरला. तोंडाचा कर्करोग कोणत्या सवयीशी जोडलेला आहे आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग कोणत्या समाजात अधिक आहे, हे प्रश्न त्या नोंदींतून पुढे आले. रुग्णालयातल्या नोंदींना मात्र एक मर्यादा असते. परळपर्यंत जे पोहोचतात तेच तिथे मोजले जातात. जे घरीच मरतात ते कुठल्याही तक्त्यात येत नाहीत.

ती उणीव भरून काढण्यासाठी इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ साली मुंबईची कर्करोग नोंदवही सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली भारतातली ही पहिली नोंदवही. शहरातली सरकारी आणि खासगी रुग्णालये, प्रयोगशाळा आणि महापालिकेच्या मृत्युनोंदी धुंडाळून शहराच्या हद्दीत राहणारा प्रत्येक कर्करोगी टिपायचा, अशी तिची रीत होती. सुरुवातीच्या वर्षांत मुंबईच्या स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग स्तनाच्या कर्करोगाच्या बरोबरीने पहिल्या रांगेत होता. समाजासमाजांतला फरकही ठळक होता. पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग अधिक आणि गर्भाशयमुखाचा कमी, हिंदू स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा अधिक, मुसलमान स्त्रियांमध्ये त्याहून कमी. लग्नाचे वय, बाळंतपणांची संख्या, शिक्षण, घरात पाण्याची आणि स्वच्छतेची सोय, पुरुषांची सुंता अशी अनेक कारणे तेव्हा सुचवली गेली. त्यांतली बरीचशी आज विषाणूच्या संसर्गाशी आणि तो टिकून राहण्याशी जोडता येतात. पुढे शहरात लग्ने उशिरा होऊ लागली, मुले कमी झाली, मुली शिकल्या आणि मुंबईत या रोगाचे प्रमाण हळूहळू उतरत गेले. स्तनाचा कर्करोग त्याच्या पुढे गेला. ही घट कोणत्याही तपासणी मोहिमेमुळे झाली नाही, हे ध्यानात ठेवायला हवे.

खेड्यांत काय चालले होते, हे १९८७ पर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. त्या वर्षी सोलापूर जिल्ह्यातला बार्शी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले परांडा व भूम असे तीन तालुके निवडून तिथल्या ३४६ गावांसाठी भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम, टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांचे हे एकत्र काम. टाटा मेमोरियलच्या डॉ. कस्तुरी जयंत आणि बार्शीचे डॉ. भगवान नेने यांची नावे या कामाशी कायमची जोडली गेली आहेत.

हा मुलूख अवर्षणाचा. ज्वारी आणि तुरीची कोरडवाहू शेती, दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बाया आणि ऊसतोडीला दर साल बाहेर पडणारी कुटुंबे ही इथली ओळख. मुंबईची पद्धत इथे चालणार नव्हती, कारण धुंडाळायला रुग्णालयांची कागदपत्रेच नव्हती. म्हणून नोंदवहीचे कर्मचारी गावोगाव फिरत. सरपंच, शिक्षक, दाई यांना भेटत, चावडीवर किंवा शाळेत लोकांना गोळा करून कर्करोगाची लक्षणे सांगत, आणि कोणाला अशी तक्रार असेल तर बार्शीला येऊन तपासून घ्या, असे विनवत. गावात झालेल्या मृत्यूंचीही ते चौकशी करत. असे एक फिरणे झाले की काही महिन्यांनी पुन्हा त्याच गावात जायचे. मोजायला निघालेली माणसे त्यामुळे आपोआप शिकवणारीही झाली. याचा परिणाम पाच-सहा वर्षांत आकड्यांत दिसला. या भागातून रुग्णालयात येणाऱ्या स्त्रियांमध्ये रोगाच्या पहिल्या-दुसऱ्या अवस्थेत येणाऱ्यांचे प्रमाण वाढले. लक्षणे सांगितली आणि जायचे कुठे ते सांगितले, तर अडाणी म्हटली जाणारी बाई वेळेवर येते, हे बार्शीने सिद्ध केले. भारतातल्या आरोग्यशिक्षणाच्या इतिहासात या गोष्टीला अजून तिची जागा मिळालेली नाही.

नोंदवहीतून निघालेले चित्र भयंकर होते. या तालुक्यांतल्या स्त्रियांना होणाऱ्या सर्व कर्करोगांपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या गर्भाशयमुखाचे होते. शहरात मागे पडत चाललेला रोग खेड्यात अजून पहिला होता, आणि दुसऱ्या क्रमांकाचा रोग त्याच्या जवळपासही नव्हता.

बाई उशिरा का येते, याची उत्तरे रोगातही आहेत आणि घरातही. सुरुवातीला हा रोग दुखत नाही. अंगावरून पांढरे जाते, पण ते तर बहुतेकींच्या जातच असते. पाळीच्या मध्येच लाल दिसते, नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त येते, पाळी जाऊन वर्षे झाल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागते. यातले शेवटचे लक्षण सर्वांत धोक्याचे, आणि नेमके तेच सांगायला सर्वांत अवघड, कारण ते ज्या वयात येते त्या वयात घरात सुना आलेल्या असतात. वास येऊ लागला की बाई स्वतःच बाजूला बसू लागते. कंबर आणि मांड्या दुखू लागतात तोवर रोग गर्भाशयाच्या बाजूच्या भागात पसरलेला असतो. पुढे मूत्रनलिका दाबल्या जातात, मूत्रपिंडे निकामी होतात आणि मृत्यू बहुधा त्याने येतो.

अशा अवस्थेत शस्त्रक्रियेचा उपयोग उरत नाही. उरतो तो किरणोपचार, ज्याला गावाकडे शेक किंवा लाईट म्हणतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत रेडियमच्या नळ्या गर्भाशयमुखाशी ठेवून हा उपचार युरोप-अमेरिकेत रुळला. आजही बाहेरून दिलेले किरण आणि आतून ठेवलेला किरणोत्सर्गी स्रोत हीच त्याची दोन अंगे आहेत. बाहेरचा शेक आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे चालतो. परांड्याच्या शेतमजूर बाईला याचा अर्थ सव्वा-दीड महिना घराबाहेर, सोबतीला एक कमावते माणूस, दोघांची रोजी बुडालेली आणि घरी शेरडे, म्हशी, लहान पोरे शेजाऱ्यांच्या भरवशावर. अनेकजणी दहा-पंधरा दिवसांनी बरे वाटू लागले, रक्त थांबले, की परत जातात. अर्धवट राहिलेला हा उपचार पुढे फारसा कामी येत नाही. रोग चाळिशी ते साठीतल्या बाईला गाठतो. घर आणि शेत दोन्ही तिच्याच अंगावर असण्याचे हे वय. मृत्यूच्या आकड्यात या ओझ्याचा फार थोडा भाग दिसतो.

प्रगत देशांनी हा रोग आटोक्यात आणला तो पॅप तपासणीने. ग्रीसहून अमेरिकेत गेलेल्या जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी गर्भाशयमुखावरच्या पेशी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत १९४०च्या दशकात पक्की केली. फिनलंडसारख्या देशांनी १९६०च्या दशकापासून ठरावीक वयाच्या प्रत्येक स्त्रीला पत्र पाठवून बोलावले आणि मृत्यू झपाट्याने खाली आणले. ही तपासणी एकदा करून भागत नाही, काही वर्षांनी ती पुन्हा पुन्हा करावी लागते. काच वाचायला तयार नजरेचा तंत्रज्ञ लागतो, निकाल यायला दिवस जातात, आणि निकाल घेऊन बाईला पुन्हा शोधावे लागते. भारताच्या शहरांत ती ज्यांना परवडली त्यांनाच मिळाली. जिल्ह्याच्या पातळीवर ती कधी उभीच राहिली नाही.

१९८३-८४ मध्ये जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून एचपीव्हीचे १६ आणि १८ हे प्रकार वेगळे काढले. २००८ साली त्यांना याच कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. जगभरातल्या या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के या दोन प्रकारांमुळे होतात. शरीरसंबंध असलेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात कधीतरी हा संसर्ग होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत निघून जातो. ज्या थोड्यांच्या शरीरात तो ठाण मांडतो, त्यांना धोका. चारित्र्याशी त्याचा संबंध लावणे म्हणजे रोग्यावर अन्याय करणे होय. एकाच पुरुषाशी जन्मभर संसार केलेल्या स्त्रियाच या रोगाच्या वॉर्डांत सर्वाधिक असतात.

कारण सापडल्यावर गरीब देशांसाठी स्वस्त तपासणीचा शोध सुरू झाला, आणि त्याची उत्तरे मोठ्या प्रमाणात महाराष्ट्रातून आली. १९९८ साली टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठी चाचणी हाती घेतली. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख स्त्रिया वीस वस्तीगटांत विभागल्या. निम्म्या गटांत दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्यांत व्हीआयए नावाची तपासणी झाली. पद्धत साधी आहे. गर्भाशयमुखावर व्हिनेगरमध्ये असते ते सौम्य ॲसिटिक ॲसिड कापसाच्या बोळ्याने लावायचे, मिनिटभर थांबायचे आणि उजेडात पाहायचे. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो. हे काम डॉक्टरांनी केले नाही. शाळा शिकलेल्या वस्तीतल्या मुलींना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून ते करून घेतले. बारा वर्षांनंतर तपासणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. २०१३ साली हा निकाल जाहीर झाला तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली.

त्याआधीच उस्मानाबाद जिल्ह्यातल्या कामाने पाया घातला होता. बार्शीचे रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन यांनी १९९९ पासून जिल्ह्यातल्या ४९७ गावांत चाचणी चालवली. गावांचे ५२ गट पाडून चिठ्ठी पद्धतीने त्यांचे चार भाग केले. एका भागात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हीआयए आणि चौथ्यात काहीच तपासणी नाही, केवळ माहिती. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया यात होत्या. तपासणी आयुष्यात एकदाच. ज्यांच्यात दोष आढळला त्यांचा उपचार मोफत. बोलावलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ८० टक्के तपासणीला आल्या. लाजेमुळे खेड्यातल्या बाया तपासायला येत नाहीत, असे म्हणणाऱ्यांना हा आकडा पुरेसे उत्तर आहे.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९ च्या एप्रिलमध्ये निकाल छापला गेला. तपासणी न झालेल्या भागात ६४ स्त्रिया या कर्करोगाने मरण पावल्या होत्या, एचपीव्ही चाचणीच्या भागात ३४. दोन्ही भागांतली लोकसंख्या जवळपास सारखी होती. पुढच्या अवस्थेतला कर्करोग पहिल्यात ८२ जणींना, दुसऱ्यात ३९ जणींना आढळला. एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. पॅप आणि व्हीआयएच्या भागांत मात्र ठोस घट दिसली नाही. तमिळनाडूच्या दिंडिगुलमध्ये आणि पुढे मुंबईत व्हीआयए उपयोगी ठरली, इथे ठरली नाही. नजरेने पाहण्याची तपासणी पाहणाऱ्याच्या कसबावर किती अवलंबून असते, ते या फरकातून दिसते. ज्या स्त्रीची एचपीव्ही चाचणी निर्दोष आली, ती पुढची अनेक वर्षे जवळजवळ निर्धास्त राहू शकते, हेही याच गावांतून कळले. जगातल्या अनेक देशांनी पुढे एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली, त्यामागच्या भक्कम पुराव्यांत उस्मानाबादचा पुरावा आहे.

या यशाला एक दुखरी बाजू आहे आणि ती झाकून इतिहास पुरा होत नाही. मुंबई, उस्मानाबाद आणि दिंडिगुल या तिन्ही चाचण्यांत मिळून १,३८,६२४ स्त्रिया तपासणी न होणाऱ्या गटांत होत्या. त्यांच्यापैकी २५४ जणी या कर्करोगाने मरण पावल्या. तपासणीचा उपयोग होतो हे जगाला माहीत असताना या स्त्रियांना तिच्याविना का ठेवले, पर्यायांची पुरती कल्पना देऊन त्यांची संमती घेतली होती का, असे प्रश्न अमेरिकेतल्या एका विकृतिशास्त्रज्ञाने उपस्थित केले आणि तक्रार तिथल्या सरकारी देखरेख कार्यालयापर्यंत गेली. संशोधकांचे म्हणणे असे, की भारतात तेव्हा बहुतेकींना तपासणी मिळतच नव्हती, त्यामुळे त्या गटाकडून काहीही काढून घेतले गेले नाही. त्यांचा युक्तिवाद आकड्यांपुरता खरा आहे. पण ज्या देशात काहीच न मिळणे हीच रीत, तिथे त्या रीतीचा आधार घेताना शास्त्राने अधिक जपून वागायला हवे होते.

लसीचा इतिहास याच वाटेने गेला. २००६ साली पहिली एचपीव्ही लस बाजारात आली. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या बडोदा जिल्ह्यांत मुलींना ती देण्याचा एक प्रकल्प सुरू झाला. काही मुलींच्या मृत्यूंनंतर गदारोळ उठला. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही, पण पालकांची संमती घेण्यात गंभीर त्रुटी आढळल्या. एप्रिल २०१० मध्ये सरकारने असे सर्व प्रकल्प थांबवले. त्यांत लियाँच्या संस्थेचा एक वेगळा अभ्यासही अडकला. दोन मात्रा पुरतात की तीन लागतात, हे पाहण्यासाठी तो देशातल्या नऊ केंद्रांवर चालू होता आणि बार्शी व पुणे ही त्यांतली दोन केंद्रे होती. अभ्यास मध्येच थांबल्याने सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळून राहिली. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी दिसले, की टिकून राहणाऱ्या १६ व १८ प्रकारांच्या संसर्गापासून एका मात्रेनेही ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिले होते, दोन किंवा तीन मात्रांइतकेच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्राही चालेल असे मान्य केले, त्यात या मुलींचा वाटा मोठा आहे. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्वाव्हॅक या लसीला परवानगी मिळाली आणि २०२३ च्या जानेवारीत ती बाजारात आली.

बार्शी-उस्मानाबादच्या मुलखात रोगाच्या भीतीचा वेगळाच उपयोगही झाला. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भपिशवी काढून टाकण्याचे प्रमाण अतोनात आहे, अशी ओरड झाल्यावर २०१९ मध्ये राज्याने समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पांढरे जाते किंवा पोटात दुखते म्हणून गेलेल्या अनेकींना कॅन्सर होईल असे सांगून शस्त्रक्रियेला तयार केले गेले होते. पाळी आली तर खाडा पडतो आणि खाड्याचा दंड भरावा लागतो, हे कारणही त्यामागे होते. यांतल्या बहुतेकींना गरज असेल तर ती गर्भाशयमुखाच्या एका तपासणीची होती. ज्या जिल्ह्यात त्या एका तपासणीचे मोल सिद्ध झाले, तो त्यांच्या शेजारीच आहे.

२०१६ साली केंद्र सरकारने ३० वर्षांवरील प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी करण्याचे धोरण ठरवले. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी उद्दिष्ट जाहीर केले: ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षापर्यंत लस, ७० टक्के स्त्रियांची पस्तिशीत आणि पंचेचाळिशीत अचूक चाचणी, आणि दोष आढळलेल्या ९० टक्क्यांना उपचार. उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव आता धाराशिव झाले आहे. तिथल्या गावांत ८० टक्के स्त्रिया बोलावल्यावर आल्या होत्या, त्याला दोन दशके उलटून गेली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले, की गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधी झाली का. हो म्हणणाऱ्या शंभरात दोनसुद्धा भरल्या नाहीत.